आधी चित्र, मग आवाज

जिन्यात गाठ पडली आणि "काय, कसं काय?" असं विचारलं, की आमचे शेजारी आजोबा लगेच बोलत नसत. हातातली पिशवी खाली ठेवायचे, कठड्याला टेकून ताठ उभे राहायचे आणि उत्तर आधी चेहऱ्याने द्यायचे. गुडघा दुखत असला तर भुवया वर, डोळे मिटलेले, ओठ वाकडे. ऊन पडलेलं असलं तर गाल फुगवून लहान मुलासारखं हसू. मग दोन्ही हात छातीसमोर आणून फट्‌कन एक टाळी. आणि टाळीनंतर आवाज: "तर, फ्राऊ पूना, गुडघा!"

वर पुन्हा समजावायचे, "आधी चित्र, मग आवाज. टाळी वाजली की कळतं, दोघांची भेट कुठे झाली."

तुम्ही म्हणाल, म्हातारा चक्रम होता. मीसुद्धा सुरुवातीला तेच म्हणत होते. घाईघाईने ट्रॅम पकडायला निघालेल्या माणसाला जिन्यात हे सगळं बघत उभं राहायला लागलं की काय होतं, ते मला विचारा. आमचं आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी फ्राऊ पूना, म्हणजे पुण्याच्या बाई. मी समोर त्यांना रीतसर 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून हाक मारायचे, आणि आमच्या घरात त्यांचं नाव होतं टाळीवाले आजोबा. ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. सगळी नोकरी जर्मनीतल्या या ड्रेस्डेन शहरात ट्रॅम चालवण्यात गेलेली.

ओळख कशी झाली तेही सांगते. आम्ही नवीनच आलो होतो. माझा नवरा निखिल कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात, मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. रविवारी दुपारी चार मराठी मंडळी जेवायला येणार होती आणि खिचडीला दाण्याचं कूट नव्हतं. रविवार म्हणजे रूहेत्साइट, आवाज बंद. मिक्सर लावायची छाती होईना, म्हणून मी शहाणीने खलबत्ता काढला. लोखंडी खलबत्ता, आईने विमानाच्या सामानात कोंबलेला, आणि खाली लाकडी जमीन. दहा-बारा ठोके झाले असतील नसतील, बेल वाजली.

दारात हे. भुवया जुळलेल्या, नाकपुड्या फुललेल्या, एक बोट वर. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून थांबवलं, टाळी वाजवली आणि म्हणाले, "पुन्हा करा."

"काय?"

"तेच. जे करत होतात ते. पण जरा हलक्या हाताने."

मी वेड्यासारखी ओट्याशी उभी राहून दाणे कुटतेय आणि हा अनोळखी म्हातारा माझ्या स्वयंपाकघरात डोळे मिटून ऐकतोय. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "मावशीचे बूट! अगदी मावशीचे बूट!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरून त्यांना पाणी दिलं, वर मूठभर भाजलेले दाणे दिले. आपल्याला दुसरं काय सुचतं?

दाणे खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची आई आणि मावशी वारिएतेत काम करायच्या. एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, कसरती, शिकवलेली कुत्री असं सगळं दाखवणारी ती नाटकगृहं. या दोघी बहिणी गायच्या, बुटांचे ठोके देत नाचायच्या आणि लोकांना हसवायच्या. बोलपट नुकते आले होते. तेव्हा मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवायला छोट्या छोट्या गाण्यांच्या विनोदी फिल्म्स काढत, आणि त्यात वारिएतेचीच माणसं घेत. तशा एका फिल्ममध्ये या दोघी होत्या. टोप्यांचं दुकान, एक टकला गिऱ्हाईक, टोपी खाणारं एक कुत्रं, आणि शेवटी दुकानाच्या टेबलावर चढून नाच. पण त्या काळी चित्र असायचं रिळावर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. तबकडी केवढी, तर आपल्या कणकेच्या परातीएवढी. रीळ आणि तबकडी एकदम सुरू करायचं, म्हणजे बाई गाते असं वाटायचं.

"रीळ राहिलं," ते म्हणाले. "तबकडी गेली."

आई युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात गेली. तेव्हा हे इतके लहान, की तिचा कोट आठवतो, हात आठवतात, मुठीत धरून गरम केलेला बटाटा आठवतो. आवाज आठवत नाही. मावशीने वाढवलं. पण मावशी पुन्हा कधी गायली नाही. आईचं गाणं कसं होतं असं विचारलं, की ती उठून भांडी घासायला लागायची.

"मला फक्त एकदा ऐकायचं आहे," ते म्हणाले, "ती कशी गायची." हे म्हणताना त्यांनी टाळी वाजवली नाही.

तर अशा माणसाने काय केलं असेल? तबकडी मिळेपर्यंत सगळा आवाज आपणच काढायचा ठरवलं.

मूळ रीळ भसकन पेट घेणाऱ्या जातीचं, ते कधीच एका संग्रहालयात सुरक्षित ठेवलं होतं. यांच्याकडे त्याची जुनी छोटी प्रत आणि एक खडखडणारं प्रोजेक्टर. नाताळाच्या आधीच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारलाच अंधार पडला, की पोटमाळ्यावर कपडे वाळवायच्या खोलीत सगळी बिल्डिंग जमायची. कपड्यांच्या दोरीवर इस्त्री केलेली पांढरी चादर, बाकावर श्टोलन या नाताळच्या गोड पावाचे काप, पातेल्यात गरम मसालेदार ग्लूवाइन. चादरीशेजारी हे बो बांधून उभे. टाळी वाजायची आणि मुकी फिल्म सुरू व्हायची.

आम्हा प्रत्येकाला कामं वाटलेली होती. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडे सायकलची घंटी. दुकानाचं दार उघडलं की ती वाजवायची. निखिलकडे पत्र्याचा डबा, टकला आपटला की टाकायचा. मावशीच्या बुटांना माझा खलबत्ता. कुत्रं ते स्वतः. टकला पण तेच, आणि गाणं तर दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता.

एका वर्षी माझे सासरे बर्फ बघायला म्हणून सांगलीहून डिसेंबरात आले होते. आबांची हयात हौशी संगीत नाटकांत तबला वाजवण्यात गेलेली. त्यांनी बटाट्याची रिकामी पेटी उलटी केली आणि माझ्या खलबत्त्याबरोबर असा काही ठेका धरला, की नर्सबाई घंटी विसरल्या. आजोबांनी फिल्म थांबवली. चेहरा गंभीर. टाळी.

"फ्राऊ पूना, यांना सांगा, फार सुंदर. इतकं सुंदर चालणार नाही. विनोदात थोडं चुकायला लागतं."

मी भीत भीत भाषांतर केलं. आबा आधी गोरेमोरे झाले, मग खो खो हसत सुटले. "अगं, खरं आहे त्याचं! आमच्या कंपनीत हे सांगणारा कोणी असता तर!" मग दोघं म्हातारे शेजारी बसून श्टोलन खात राहिले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला जर्मन. त्यांचं काही अडलं नाही.

त्या दिवशी झोपायच्या आधी आबा म्हणाले, "सूनबाई, गळा नाहीये त्याला. पण ऐकलंस का? चित्रातली ती बाई डोळे मिचकावतेय, कंबर हलवतेय, आणि हा गातोय अंगाई."

"अहो आबा, कॉमेडी आहे ती."

"फिल्म असेल कॉमेडी. हा अंगाईच गात होता."

मग माझ्याही कानांना ते ऐकू यायला लागलं. त्यांच्या आईचे ओठ बघून बघून त्यांनी शब्द बसवले होते, चाल स्वतःची लावली होती. संथ, गोड, जरा कापरी.

त्या रिळात मधेमधे काळे तुकडे होते. जुन्या काळी रीळ तुटलं की खराब भाग कापून फेकत, पण नुसतं जोडून टाकत नसत. जेवढं कापलं तेवढीच काळी पट्टी मधे घालत. नाहीतर चित्र पुढे धावायचं आणि तबकडी मागे राहायची. काळं आलं की आपले आजोबा गाणं सोडून बोलायचे. "इथे रीळ जळलं, माणसं नाही!" किंवा "इथे टकल्याची खरी टोपी पडली!" सगळ्यात मोठा काळा तुकडा आईच्या गाण्याच्या ऐन मध्यात होता. तिथे ते दर वर्षी एकच वाक्य म्हणायचे, "आणि इथे आई माझ्याकडे बघते." ते तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्यावर कोणी कधी हसलं नाही.

फोनवर शूटिंग करायला सक्त मनाई. निखिलने एकदा खिशातून फोन काढला, तर चादरीशेजारून ओरडले, "फोन खाली! आज चुकलंय. पुढच्या वर्षी बरोबर करू."

दर वर्षी चुकलेलंच असायचं. दर वर्षी पुढच्या वर्षी बरोबर करायचं असायचं. आम्हीही म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी.

तबकडीचा शोध चालूच होता. शनिवारी एल्बे नदीच्या काठच्या जुन्या बाजारात ते जायचे आणि रेकॉर्ड विकणाऱ्यांना हात फाकवून माप दाखवायचे, एवढी मोठी आहे का? नाही म्हटलं की पुढच्या टेबलाशी. आणि एके दिवशी, हो, खरोखरच एके दिवशी, संग्रहालयातून फोन आला. कुणाच्या तरी तळघरातून आलेल्या तबकड्यांच्या ढिगात एक बिननावाची निघाली होती, आणि तिच्यावर कोरलेला क्रमांक यांच्या रिळाच्या सुरुवातीच्या क्रमांकाशी जुळत होता.

ते आमच्या दारात आले तेव्हा चेहऱ्यावर कुठला भाव आणावा हे त्यांना कळत नव्हतं. टाळी वाजवायला हात उचलले, ते तसेच राहिले. "मिळाली," एवढंच म्हणाले. मी त्यांना मिठी मारली. जर्मन शेजाऱ्याला मिठी मारायची नसते, पण मारली.

संग्रहालयाने चित्र आणि आवाज दोन्ही कॉम्प्युटरवर पाठवलं. जोडायचं काम निखिलने अंगावर घेतलं. मला वाटलं होतं, ओढाताण होणार. पण एका ठिकाणी सुरुवात जुळवली आणि सगळं शेवटपर्यंत तंतोतंत बसलं. काळ्या पट्ट्यांची कमाल. निखिलने त्यांना तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "गेनाऊ, बरोबर. कुणीतरी जागा धरून ठेवली होती." मात्र आवाज त्यांनी आधी ऐकायला नकार दिला. त्यांना तो वरच, चादरीसमोर, सगळ्यांबरोबर ऐकायचा होता.

त्या रविवारी ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले. सवयीने मी खलबत्ता नेला होता, नर्सबाईंनी घंटी. टाळी वाजली. दुकानाचं दार उघडलं आणि घंटी आपोआप वाजली. नर्सबाईंनी आपली घंटी मांडीवर उपडी ठेवली. टकला आपटला, डबा न पडता आवाज आला. मावशीचे बूट वाजले. माझ्या खलबत्त्यासारखे मुळीच नव्हते, कितीतरी कोरडे आणि चपळ.

मग आई गायला लागली.

काय सांगू तुम्हाला! जाड, खोकल्यासारखा, नाकातून येणारा आवाज. आणि वेग असा, की दम घ्यायला फुरसत नाही. चावट गाणं, टकल्याची फिरकी घेणारं. खरं सांगते, बाई फर्मास होती. आम्ही सगळे हसलो. हसता हसता मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, त्यांच्या नेहमीच्या संथ चालीत. चादरीवरची आई केव्हाच पुढे निघून गेली होती. दोन ओळींनंतर त्यांनी ओठ मिटले.

मग तो मोठा काळा तुकडा आला. अंधारात तबकडी चालूच होती. गाणं मधेच थांबलं, आणि ती हसली. विनोदी नटीचं हसू नाही ते. गाता गाता खरोखरच हसू फुटलं असावं, फक्त एकदा, आणि लगेच तिने गाणं पुन्हा उचललं.

फिल्म संपल्यावर टाळ्या झाल्या. ते उठले, सगळ्यांकडे वळून वाकून नमस्कार केला, जसा दर वर्षी करायचे. "चांगली आहे ती," म्हणाले. "फार चांगली आहे." लोक पांगल्यावर मी चादर काढायला थांबले, तेव्हा खुर्चीवरून म्हणाले, "फ्राऊ पूना, मला वाटायचं ती मला गाऊन दाखवते आहे. ती तर लोकांना हसवत होती."

"दोन्ही असू शकतं हो," मी म्हटलं.

"काळ्यात हसली, ऐकलंत? आणि मी इतकी वर्षं नेमका तिथेच बडबडत होतो."

मी चादरीची घडी करत राहिले.

पुढच्या वर्षी नर्सबाई त्यांना विचारायला गेल्या, प्रोजेक्टर काढायचं ना? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "आता ती स्वतः गाते आहे. मध्ये मी कशाला?" मग त्या रविवारी आवाजाची फिल्म लावली. पाच-सहा जण आले. त्याच्या पुढच्या वर्षी तेवढेही नाही. सगळ्यांना लिंक पाठवलेली होती ना, घरी बसून बघता येत होती. खलबत्ता खाली माझ्या स्वयंपाकघरातच राहिला. जिन्यातली टाळीही हळूहळू बंद झाली. "कसं काय?" विचारलं की चटकन "ठीक" म्हणायचे, चेहरा न करता. आम्ही आपलं वयावर ढकललं. मला आज वाईट वाटतं ते याचं, की ज्यासाठी हा माणूस जन्मभर तळमळला ते त्याला मिळालं, आणि त्याच्यापाशी आपलं म्हणून जे होतं ते त्याच दिवशी गेलं. आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण कशाच्या बदल्यात!

शेवटचं वर्ष त्यांनी वृद्धाश्रमात काढलं. मी अधूनमधून जायचे, दाण्याचा लाडू घेऊन. एकदा धीर करून म्हटलं, "ते गाणं म्हणा ना."

त्यांनी उशीला पाठ टेकली, हात उचलले आणि टाळी वाजवली. किती दिवसांनी! आणि गायला लागले. तोंडातल्या तोंडात, पण पक्कं. जाड, नाकातून, भरभर, चावट. आईची चाल, आईचा वेग, कुठे म्हणून चूक नाही. मधे थांबले, एकदा हसले, आणि पुढे उचललं.

"तसं नाही हो," मी म्हटलं. "तुमचं. जुनं. हळू असायचं ते."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा खरोखर प्रयत्न करत होते. "हळू?" ते म्हणाले. "ते चुकीचं होतं ना? हे बरोबर आहे की नाही?"

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे."

ते गेले ऑक्टोबरात. नाताळाच्या आधीच्या पहिल्या रविवारी कुणी न बोलावता सगळी बिल्डिंग वर आली. निखिलने चादर टांगली आणि फिल्म लावायला घेतली, तर नर्सबाई म्हणाल्या, "आवाज बंद करा." आणि पर्समधून सायकलची घंटी काढली. मी धावत खाली जाऊन खलबत्ता आणला.

टाळी कुणी वाजवायची? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी निखिलने वाजवली, जरा भीत भीत. घंटी वाजली, डबा पडला. कुत्र्याचं काम नर्सबाईंनी केलं आणि इतकं वाईट केलं, की हसू आवरेना. आबा असते तर म्हणाले असते, आता जमलं.

मग आईचं गाणं आलं. ती टेबलाला रेलली, डोळा मिचकावला आणि तिचे ओठ हलायला लागले.

कुणालाच येत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, आणि एकालाही त्यांची चाल धरता येईना. मी मनात शोधत होते, एखादी ओळ, नुसती सुरुवात. येत होती ती तबकडीवरचीच. निखिल माझ्या कानाशी म्हणाला, "आवाज सुरू करू?" मी नको म्हटलं. खोलीत फक्त पातेल्याखालच्या शेगडीची घरघर होती. बाई गातच होती.

मोठा काळा तुकडा आला. अंधारात नर्सबाई हलकेच म्हणाल्या, "आणि इथे आई त्याच्याकडे बघते."

काळं संपलं, गाणं संपलं, दोघी बहिणी टेबलावर चढल्या. मावशीचे पाय उचलले गेले तेव्हा कुठे मला आठवलं, की आता माझं काम आहे. मी बत्ता उचलला, पण पहिले ठोके हुकले. फिल्म संपल्यावर मी वाट बघत बसले होते. आज चुकलंय, पुढच्या वर्षी बरोबर करू, असं कुणीच म्हणालं नाही.